गाडी थांबेल का?

“आणि सगळं झाल्यावर शेवटी विचारतील, तुला काही विचारायचंय का? मग काय म्हणायचं?”

“नाही म्हणायचं.”

“आणि मान?”

“खाली.”

“मग झालं तर,” असं म्हणत इंदूआत्याने माझ्या वेणीला शेवटचा पीळ दिला आणि रिबिनीऐवजी काळा रबर लावला. नोकरीच्या मुलाखतीला रिबीन शोभत नाही, एवढा एकच फरक तिने मान्य केला होता. बाकी तयारी नेहमीचीच, म्हणजे मुलगी बघायला येणार असले की करायची ती. पावडर बेताची, साडी इस्त्रीची, आणि तोंड बंद.

आई मी लहान असतानाच गेली. आप्पांची थोरली बहीण म्हणजे इंदूआत्या, तिनेच घर उचललं आणि मलाही. आप्पा कवठेमहांकाळच्या शाळेत क्लार्क होते. मी केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झाले तसे आमच्या ओसरीवर बघण्याचे कार्यक्रम सुरू झाले. पाहुणे पोहे खायचे, चहा प्यायचे, माझं शिक्षण आणि उंची विचारायचे, आणि त्यातलं कुणीतरी वडीलधारं मोठ्या मनाने म्हणायचं, “तिला काही विचारायचं असलं तर विचारू दे की.” मी मान हलवून नाही म्हणायचे. मग मंडळी दारात चपला घालता घालता म्हणायची, “कळवतो.”

आमच्या घरात या शब्दाचा अर्थ लहान मुलालाही ठाऊक होता. एकदा मिरजेच्या लोकांनी कळवतो म्हटलं आणि आप्पांनी ते खरं मानलं. बरेच दिवस निरोप आला नाही म्हणून ते स्वतः विचारायला गेले. त्या लोकांनी त्यांना घरातसुद्धा घेतलं नाही. पायरीशी उभं ठेवलं आणि म्हणाले, “असतं तर कळवलं नसतं का?” आप्पा परत आले आणि न जेवता झोपले. त्या दिवसापासून आत्याचा नियम ठरला. मुलीकडच्यांनी आपण होऊन विचारायला जायचं नाही.

आणि आता आष्ट्याच्या लोकांनी चक्क कळवलं होतं. मुलगी पसंत. मुलाचं खतांचं दुकान, स्वतःचं घर, माणसं बरी. फक्त मध्यस्थ तुकारामतात्यांनी जाता जाता सांगितलं होतं की त्यांच्यात बायकांनी नोकरी करायची पद्धत नाही. रविवारी तात्या होकार न्यायला येणार होते आणि मग सुपारी फुटणार होती.

मी दोन दिवस धड जेवले नाही. आप्पांना ते दिसत होतं. शेवटी पेपरातल्या एका जाहिरातीवर बोट ठेवून मी त्यांच्यासमोर बसले. तासगाव रस्त्यावरच्या मगदूमांच्या कोल्ड स्टोरेजला बेदाणा तपासायला माणूस हवं होतं, सायन्सचं.

“हे बघ हेमा,” आप्पा म्हणाले, “पोरगी नुसतंच नको म्हणते, असं मी तोंड वर करून कसं सांगू? पण तुझ्या हातात नोकरी असली तर माझ्याही तोंडात शब्द येईल. रविवारच्या आत काय होतंय बघ.”

म्हणून ही वेणी आणि हा रबर.

मगदूमांच्या ऑफिसात पंखा गरगरत होता तरी घाम थांबत नव्हता. एप्रिल भरात होता. बाहेर बाकावर माझ्याआधीची पाच-सात पोरं बसली होती, त्यात मुलगी मी एकटीच. आत टेबलामागे दोन माणसं. एक आण्णासाहेब मगदूम, मालक, साठीचे, पांढरी टोपी आणि डोळे अर्धे मिटलेले. माणूस जागा आहे की झोपलाय ते कळू नये असे. दुसरे भोकरे, मॅनेजर, त्यांच्या खिशाला दोन पेनं आणि आवाजात घाई.

टेबलावर ताटलीत बेदाणा होता. एका बाजूला हिरवट सोनेरी, दुसऱ्या बाजूला काळपट.

“दोन्ही एकाच शेडचे,” भोकरे म्हणाले. “एकाच दिवशी कोल्डला ठेवले. आता बाहेर काढतो तर निम्मा असा. का झालं असेल?”

“ओलावा जास्त राहिला असेल, सर.”

“ते आम्हालाही माहीत आहे. आत घेताना मीटर लावून बघितलं. ओलावा बरोबर होता. मग?”

मी काळा दाणा उचलला, दाबला, वास घेतला. पुस्तकात वाचलेलं सगळं डोक्यात फिरवून बघितलं. काही लागू पडेना. काहीतरी ठोकून द्यावं असं एक क्षण वाटलं.

“आत्ता सांगता येत नाही, सर. बघून सांगते.”

“बघून? कुठं बघून?” भोकरे हसले आणि त्यांनी कागदावर काहीतरी खरडलं. मला ते वाचता आलं नाही, पण फुली मारली की पेन कसं चालतं ते विद्यार्थ्याला लांबून कळतं.

आणखी दोन-चार प्रश्न झाले. मग मगदूमांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं. “तुला काही विचारायचंय का बाळ?”

माझी मान सवयीने हलायला लागली होती. नाही हा शब्द ओठांपर्यंत आला होता. आणि का कोण जाणे, मला आमची ओसरी आठवली आणि इतका राग आला की कान तापले. इतक्या लोकांनी मला हा प्रश्न विचारला होता आणि एकाही वेळी मी काही विचारलं नव्हतं.

“हो,” मी म्हणाले. “याआधी या जागेवर कोण होतं?”

भोकऱ्यांचं पेन थांबलं. “होता एक मुलगा. विट्याचा.”

“तो का गेला?”

“घरगुती कारण.”

“आणि त्याच्या आधीचा?”

भोकरे मगदूमांकडे बघायला लागले. मगदूमांचे डोळे आता पूर्ण उघडले होते.

“तोही गेला,” ते म्हणाले. “टिकत नाहीत पोरं. का ते मलाही कळंना झालंय.”

माझ्या मनात एकच गोष्ट आली आणि ती मी तशीच बोलून टाकली. “साहेब, समजा मी इथं कामाला लागले. माल भरून गाडी उभी आहे. मी तपासलं आणि म्हटलं, हा माल पाठवू नका. तर गाडी थांबेल का?”



“अहो बाई,” भोकरे म्हणाले, “तुमचं काम तपासायचं. गाडीचं आम्ही बघतो.”

ताटलीतला एक काळा दाणा मगदूमांनी बोटाने इकडून तिकडे सरकवला. मग म्हणाले, “बरं. कळवतो.”

मी उठले. दारात चपला घालताना मला हसूच आलं. जागा बदलली, पोहे नव्हते, पण शब्द तोच होता.

घरी आत्याने सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. “गाडी थांबेल का? तू काय पोलीस आहेस व्हय गं गाडी थांबवायला? आणि वर येत नाही म्हणून सांगून आलीस!”

“येत नव्हतं तर काय सांगू?”

“गप बसायचं! गप बसलेल्याचं कुणाला काय कळतंय?”

मला मात्र तो काळा दाणा स्वस्थ बसू देईना. दुसऱ्या दिवशी पहिली एसटी धरून मी मणेराजुरीला मामाकडे गेले. मामाची द्राक्षबाग होती आणि बेदाण्याची शेडही. पत्र्याखाली एकावर एक जाळ्या ताणलेल्या आणि त्यांच्यावर द्राक्षं वाळत घातलेली. लहानपणी त्या जाळ्यांखालून पळताना डोक्याला मणी चिकटायचे, एवढंच मला त्या शेडबद्दल ठाऊक होतं. नीट बघितलं ते त्या दिवशी.

सगळ्यात वरच्या जाळीतला दाणा मी मुठीत दाबला. मूठ उघडल्यावर दाणे मोकळे झाले. मग सगळ्यात खालच्या जाळीतला घेतला. तो मुठीत गोळा होऊन बसला.

“मामा, हे दोन्ही वेगवेगळे काढता का?”

“वेगळे कशाला?” मामा म्हणाला. “मजुरांची टोळी एकदाच येती. सगळ्या जाळ्या झटकायच्या, खाली ताडपत्रीवर ढीग करायचा, की बॉक्स भरायचे. खालच्यासाठी आणि दोन दिवस थांबलो तर टोळी दुसऱ्याच्या शेडला जाती. मग बस बोंबलत.”

“बॉक्स भरताना चिकट दाणा वर आला तर?”

मामा माझ्याकडे बघून हसला. “वर कशाला येऊ देतील? तो तळाला. वरचा थर देखणा नको व्हय? सौद्यात बघणारा वरनंच मूठ भरतो.”

“आणि कोल्डवाले मीटर लावतात ते?”

“तेही वरनंच. बॉक्स कोण उपडा करतंय?”

मी तिथंच ताडपत्रीवर बसले आणि मोठ्याने हसले. मामाला वाटलं पोरीला ऊन लागलं. पण मला आमच्या ओसरीवर बसवलेली मी दिसत होते. मलाही लोक इतके दिवस वरच्या थरावरूनच बघत होते की!

वरच्या जाळीचा बेदाणा एका पुडीत आणि खालच्या जाळीचा दुसऱ्या पुडीत बांधून मी परत आले. येता येता स्टँडवरच्या बूथवरून मगदूमांना फोन लावला. फोन भोकऱ्यांनी उचलला.

“मी हेमलता सूर्यवंशी. काल मुलाखतीला आले होते. तुम्ही एक विचारलं होतं, त्याचं उत्तर मिळालंय.”

“कळवतो म्हटलं होतं ना?” भोकरे म्हणाले. “कळवू की. प्रत्येकाने असे फोन केले तर आम्ही कामं कधी करायची?” आणि फोन ठेवला.

घरी येऊन मी पुड्या हलक्या हाताने फडताळात ठेवल्या. शुक्रवार उलटला होता. मधे फक्त शनिवार होता.

“मी उद्या तिथं जाते,” मी जेवताना म्हणाले.

आत्याचा हात भाकरीवरच थांबला. “आपण होऊन? कळवतो म्हटलेल्यांच्या दारात?” तिने आप्पांकडे बघितलं. “सांग रे हिला. तुला ठाऊक आहे कसं असतंय ते.”

आप्पांनी मान वर केली नाही. ते पायरीशी उभे होते तो दिवस आम्हा तिघांच्याही ताटात येऊन बसला होता.

“आप्पा,” मी म्हणाले, “मी नोकरी मागायला जात नाहीये. त्यांनी मला एक विचारलं होतं, मी बघून सांगते म्हणाले होते. ते सांगायला जातेय. आणि मी त्यांना एक विचारलं होतं, त्याचं उत्तर मला अजून मिळायचंय.”

आप्पांनी आमटीत भाकरी कुस्करली. मग म्हणाले, “तू एकटी जाऊ नको. मी येतो.”

सकाळी उठले तर आत्याने माझी साडी इस्त्री करून खुंटीला टांगलेली होती.

आम्ही पोचलो तेव्हा मगदूमांच्या आवारात एक ट्रक काठोकाठ भरून उभा होता. इंजिन चालू होतं. ड्रायव्हर दोर आवळत होता आणि भोकरे हातात कागद घेऊन त्याच्यावर ओरडत होते. मगदूम चिंचेखाली खुर्ची टाकून बसले होते. आप्पा फाटकाशीच थांबले. त्यांचे पाय पुढे जाईनात, मला ते कळलं. मी एकटीच आत गेले.

“कोण?” मगदूम म्हणाले. मग डोळे बारीक केले. “गाडी थांबेल का, तीच ना तू?”

“हो साहेब. बेदाणा काळा का पडतो, ते बघून सांगते म्हणाले होते. आणलंय.”

भोकरे लांबूनच येत म्हणाले, “यांना मी काल फोनवर सांगितलंय आण्णा, कळवतो म्हणून.”

“असू दे. दाखव बाळ.”

मी दोन्ही पुड्या सोडल्या. आधी एक मूठ दाबून दाखवली, मग दुसरी. टोळीचं सांगितलं, जाळ्यांचं सांगितलं. “मीटर खोटं बोलत नाही साहेब. पण आपण त्याला वरचा थरच दाखवतो. तळातला ओला दाणा तसाच आत जातो. तो आधी काळा पडतो, आणि शेजारच्यांना डागतो.”

मगदूम पुडीकडे बघत राहिले. मग उठले. ट्रककडे बोट करून म्हणाले, “हा याच सालचा माल आहे. दिल्लीला चाललाय. कुठला बॉक्स उतरवू?”

भोकरे म्हणाले, “आण्णा, दोर आवळलाय!”

“सोड.”

मी मधल्या थरातला एक बॉक्स दाखवला. हमालांनी तो उतरवला. भोकऱ्यांनी झाकण उघडून वरून मूठ भरली आणि माझ्यासमोर धरली. दाणे मोकळे, सोनेरी, बघत राहावे असे.

“उपडा करा,” मी म्हणाले.

हमालाने मगदूमांकडे बघितलं, त्यांनी मान हलवली. बॉक्स ताडपत्रीवर पालथा झाला. तळाचा बेदाणा आता वर आला होता. मी खाली बसले, मूठ भरली, दाबली आणि उघडली. माझ्या तळहातावर एक गोळा बसला होता. बोटं हलवली तरी सुटेना.

ट्रकचं इंजिन घरघरत होतं.

“योगायोग असेल,” भोकरे म्हणाले.

“दुसरा काढा,” मी म्हणाले. दुसरा निघाला. तोही तसाच. तिसऱ्याच्या वेळी हमालांनीच न सांगता उपडा केला.

भोकरे मगदूमांच्या अगदी जवळ गेले, पण आवाज काही खाली येईना. “आण्णा, गाडी आज नाही निघाली तर दिल्लीचा व्यापारी दुसरीकडे जाईल. मी सांगतोय, जाऊ दे. आणि हे सांगतंय कोण? आपल्याकडे कामालासुद्धा नसलेली मुलगी.”

मगदूम माझ्याकडे वळले. “ऐकलंस? आता तू सांग. जाऊ देऊ का थांबवू?”

मी फाटकाकडे बघितलं. आप्पा कधी आत आले ते मला कळलंच नव्हतं. ते आवाराच्या मध्यावर उभे होते, हातात टोपी, आणि माझ्याकडे असे बघत होते जणू निकाल माझा नाही, त्यांचा लागणार आहे.

“थांबवा,” मी म्हणाले.

मगदूमांनी हात वर केला. “इंजिन बंद कर रे!”

ड्रायव्हरने किल्ली फिरवली. घरघर थांबली आणि आवारात इतकी शांतता झाली की चिंचेवरच्या साळुंक्या ऐकू यायला लागल्या.

“त्या दिवशी तू विचारलंस,” मगदूम म्हणाले, “आणि मला उत्तर देता आलं नाही. आधीच्या त्या दोन्ही पोरांनी थांबवा म्हटलं असणार. इथं ऐकलं कुणी नसणार. माझ्यापर्यंत आलं नाही, आणि मीही विचारलं नाही.” ते हे बोलताना भोकऱ्यांकडे बघतच नव्हते, तरी भोकऱ्यांनी कागदाची घडी घातली. “मिळालं का आता उत्तर?”

“मिळालं साहेब.”

“मग सोमवारपासून ये. आणि भोकरे, आतला सगळा माल उपडा करून तपासायचा. ही सांगेल तसा.”

आप्पा पुढे आले. ते काहीतरी बोलणार होते, आभाराचं असावं. त्याआधी मगदूमांनीच त्यांना ओळखलं. “वडील ना? उभे का? खुर्ची आणा रे पाहुण्यांना!”

माझे डोळे तिथं भरले, नोकरी मिळाली तेव्हा नाही. आप्पा खुर्चीच्या कडेला अवघडून बसले आणि हमालाने आणून दिलेलं पाणी सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले.

पुढे त्या आवारातून मी किती गाड्या थांबवल्या आणि किती सोडल्या, त्याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. आता त्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला मी बसते. मुलाखत संपताना समोरच्या पोराला काही विचारायचंय का म्हणून विचारते, आणि विचारल्यावर खरंच थांबते. कधी कळवणार तो वारही त्याला तिथंच सांगून टाकते.

पण मला सांगायचाय तो रविवार.

तुकारामतात्या ठरल्याप्रमाणे सकाळीच आले, नवं धोतर नेसून. ओसरीवर मांडी ठोकली आणि म्हणाले, “मग काय मास्तर, आष्टेकर वाट बघतायत. होय म्हणून सांगू?” आप्पा क्लार्क असले तरी तात्या त्यांना मास्तर म्हणायचे, काम असलं की.

आप्पांनी घसा खाकरला. काल रात्रभर त्यांनी आत्याला ट्रकची गोष्ट तीनतीनदा सांगितली होती आणि दर वेळी ट्रक थोडा मोठा होत गेला होता. पण आता ते जपून बोलायला लागले. “त्याचं असं आहे तात्या,” त्यांनी सुरुवात केली. “हेमाला नोकरी लागली. उद्यापासून जायचंय.”

“नोकरी? अहो, पण त्यांच्यात...”

तेवढ्यात आतून आत्या आली. डोक्यावर पदर, हातात पोह्यांची बशी. तिने बशी तात्यांच्या पुढ्यात ठेवली, वर खोबरं नीट आहे ना ते बघितलं आणि सरळ उभी राहिली.

“आमच्या पोरीला काही विचारायचं आहे त्यांना,” ती म्हणाली. “नोकरी चालवून घेणार का, ते. होय म्हणत असले तर पोराला घेऊन या, तिचं ती विचारेल.”

तात्यांचा घास हातातच राहिला. “आणि मग मी त्यांना काय सांगू?”

“पोहे घ्या की,” आत्या म्हणाली. “सांगा, कळवतो म्हणावं.”